पहिलं की दुसरं

आमच्या दुकानात एक खुर्ची आहे. तिच्यात बसलेल्या माणसाला ठरवावंच लागतं.

समोरच्या भिंतीवर लहान लहान होत गेलेल्या अक्षरांचा तक्ता. हे गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल चौकट चढवतात, तिच्यात एक काच सरकवतात, ती काढून दुसरी सरकवतात आणि विचारतात, "पहिलं की दुसरं?"

हे म्हणजे आमचे हे. माझा नवरा. चष्मेवाला.

"दोन्ही सारखंच वाटतंय हो."

"सारखं नसतं. नीट बघा. पहिलं... की दुसरं?"

"जरा परत दाखवा."

"परत. हे पहिलं. हे दुसरं."

"दुसरं. बहुतेक."

"बहुतेक नको. चष्मा तुमच्या नाकावर बसणार आहे, बहुतेकच्या नाही."

आणि मग हे वाट बघत उभे राहतात. रागवत नाहीत, घाई करत नाहीत, पण सोडतही नाहीत. मागे माणसं खोळंबली तर खोळंबू देत. वरच्या खोलीत मी मशीनवर बसलेली असते. जमीन लाकडी, खालचं सगळं वर येतं. इतकी वर्षं माझं मशीन याच तालावर चाललंय. पहिलं की दुसरं, पहिलं की दुसरं.

हाच माणूस शटर ओढून जिना चढला की त्याला एकच शब्द येतो.

बघू.

पंखा खडखडतोय. बघू. लेक म्हणतेय, या की राहायला. बघू. दाढ दुखत होती, आठवडाभर गालावर हात धरून बसले होते, तेव्हाही बघू. शेवटी दाढ काढावी लागली, बघण्यासारखं काही उरलंच नाही. 'नाही' म्हणत नाहीत. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. 'बघू'शी भांडता येत नाही. उशीला बुक्की मारल्यासारखं होतं. उशीला काही होत नाही, आपलाच हात फुकट जातो.

आता मूळ गोष्ट.

मी पडदे शिवते. घरांचे, हॉटेलांचे, एका शाळेच्या सभागृहाचे. मागे एका मोठ्या थिएटरचा दर्शनी पडदा शिवला. मखमल इतकी की खोलीत मावेना, म्हणून निम्मी जिन्यावर पसरली होती आणि हे कठड्याला धरून कडेकडेने वर-खाली करत होते. त्या थिएटरच्या कपडेपटाच्या प्रमुख बाई गळ्यात रिबिनीला कात्री अडकवून फिरतात. मी मनातल्या मनात त्यांना कात्रीबाई म्हणते. कात्रीबाईंना त्या पडद्याची कड आवडली. ती बोटांतून फिरवत राहिल्या. उन्हाळा लागता लागता त्यांचा फोन आला.

"मी निवृत्त होतेय. कपडेपट तुम्ही घ्या. नाटकांचे कपडे, पडदे, शिवणाऱ्या मुली, सगळं. मला कड दुमडताना घाई न करणारं माणूस हवंय."

थिएटर दुसऱ्या शहरात. ट्रेनने जवळजवळ अख्खा दिवस. म्हणजे तिथेच राहायचं.

पोटात 'हो' तेव्हाच आलं होतं. पण ते ओठांवर आणण्याआधी मला यांचं ऐकायचं होतं. परवानगी नको होती. ती मागायचं माझं वय गेलं आणि द्यायचं यांचंही. मला उत्तर हवं होतं. जा, किंवा नको जाऊ. दोन काचा होत्या, एक निवडायची होती.

हे म्हणाले, "आधी फिरून तर येऊ. महाल, म्युझियम, डोंगर, सगळं बघू. मग बघू."

*

पहिलं: उन्हाळ्याच्या सुट्टीत एक जोडपं फिरायला निघालं. लेक आपल्या घरी सुखात, दुकानाला कुलूप, डोक्यावर टोप्या, पाठीवर एकच बॅग, ती आळीपाळीने.

दुसरं: उन्हाळ्याच्या सुट्टीत एक बाई उत्तर आणायला निघाली आणि ते उत्तर तिच्या पुढे चार पावलं, तिकिटं कुठल्या खिशात ठेवली ते शोधत चाललं होतं.

*

पहिला महाल. बाहेरून सगळा बांबू आणि हिरवी जाळी. आत दुरुस्ती चालू. प्रवेशद्वारावर महालाचा एक भलामोठा फोटो लावला होता, म्हणजे जाळीच्या आत काय आहे ते कळावं. लोक त्या फोटोसमोर उभे राहून फोटो काढत होते. आम्हीही काढला.

आत दोरीच्या दोन ओळींमधून माणसं सरकत होती. दर दालनाच्या दारात एक पहारेकरी, आणि प्रत्येकाला एकच वाक्य पाठ.

त्या दालनाचं छत निळं होतं आणि त्यावर सोनेरी

"पुढे चला."

खिडकीशी एक पलंग, इतका आखूड की राजा बहुतेक बसूनच झोपत

"पुढे चला, दारात थांबू नका."

मी म्हटलं, "अहो, ऐका ना. कात्रीबाईंना मी काय"

"पुढे चला, मागे गर्दी होतेय."

तिसऱ्या दालनात पडदे होते. जुने, जाड, जांभळट झालेले. मी दोरीवरून वाकून कड उलटी केली. अस्तर हाताने लावलेलं, टाके तांदळाच्या दाण्याएवढे, आणि खाली कडेत शिशाच्या गोळ्या शिवलेल्या, पडदा सरळ पडावा म्हणून. माझा श्वासच

"ओ बाई! हात लावू नका!"

सगळं दालन माझ्याकडे बघायला लागलं. तेवढ्यात हे पुढे झाले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "रागावू नका हो. ही पडदे शिवते. थिएटरचा मोठा पडदा हिने शिवलाय. एकटीने. नुसता उचलायला पाच माणसं लागतात."

पहारेकऱ्याने माझ्याकडे जरा आदराने बघितलं. "असं होय. तरी हात लावू नका." आणि मग, "पुढे चला."

मला रडावं की हसावं कळेना. पहारेकऱ्याला सांगता येतं. मला एक शब्द सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला एवढं कौतुक आहे तर मग बोला ना. जाऊ की नको?"

हे टोपीने वारा घेत होते. "आरशांचं दालन बंदच होतं बघ," हे म्हणाले. "तेच तर बघायचं होतं."

*

म्युझियम. सुट्टीच्या बेतात हे एक माझं होतं. वरच्या मजल्यावर जुन्या पोशाखांचं दालन, हे मी घरूनच वाचून आले होते. आम्ही जिने चढलो. दालनाच्या दाराला साखळी आणि साखळीवर पाटी: दुरुस्तीसाठी बंद.

दाराच्या फटीतून बघितलं. अंधारात कपाटांच्या काचांमागे उभे असलेले कपडे, डोकी नसलेले. एक निळी बाही तेवढी दिसली.

"पुढच्या वेळी बघू," हे म्हणाले.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. हे खालच्या मजल्यावर उपकरणांच्या दालनात गेले आणि दुर्बिणी, भिंगं, जुने चष्मे बघत रमले. तिथे काहीही बंद नव्हतं. मी वरून वाकून बघितलं तर हे एका काचपेटीला नाक लावून उभे, आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांना काहीतरी समजावत होते. हात हलवत. त्या माणसाला उत्तरं मिळत होती.

तेवढ्यात लेकीचा फोन.

"आई, बाबांना विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"तुला काय वाटतं?"

"बघू म्हणाले."

"शहाणी आहेस."

"आई, तू त्यांना विचारतेसच कशाला? तू सरळ सांग, मी जातेय म्हणून."

"सांगेन गं. पण एवढ्या वर्षांत या माणसाने माझ्याबद्दल एक तरी गोष्ट तोंडाने ठरवावी असं मला वाटणार नाही का? विरुद्ध ठरवली तरी चालेल."

पलीकडून लेक म्हणाली, "बाबांचा स्वभाव तुला आत्ता कळला का?"

"कळला तेव्हाच होता. खपवून घेत होते."

"मग आता?"

"आता खपत नाही."

फोन ठेवला. हे जिना चढून आले, चेहरा उजळलेला. "अगं, खाली एक चष्मा आहे, त्याला काड्याच नाहीत. नाकाला चिमट्यासारखा लावायचा. माणूस शिंकला की संपलं." हे माझ्या शेजारी पायरीवर बसले. "तुला नाही का बघायचं काही?"

मी साखळीकडे बोट दाखवलं.

"हां," हे म्हणाले. "ते बंद आहे."

*

दुसरा महाल. हा उघडा होता. म्हणजे अंगण उघडं होतं, कारंजं उघडं होतं, आत जायला दुपारपर्यंत थांबायचं होतं. ऊन मरणाचं. मी सकाळपासून बाटल्यांवर बाटल्या पाणी प्यायले होते. आम्ही एका भिंतीच्या सावलीत बसलो. हे सँडविचचा कागद सोडवत होते. शेजारी एक वाटाड्या भोंग्यातून चाळीस माणसांना महालाचा इतिहास ऐकवत होता.

फोन थरथरला. कात्रीबाई. "दुपारी बैठक आहे, नाव द्यायचंय. हो की नाही, कळवा."

बाईंना यांची खुर्ची माहीत नव्हती, तरी प्रश्न तिथलाच.

मी म्हटलं, "अहो, कात्रीबाईंचा मेसेज आलाय, त्यांना आत्ताच हवंय." भोंगा चालूच होता. मी उठून यांच्यासमोर उभी राहिले. सरळ समोर, तक्त्यासारखी. आणि विचारलं,

"अहो, मी जाऊ का मग?"

यांनी सँडविचमधून मान वर केली. माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि म्हणाले,

"जा ना. त्यात विचारायचं काय? कधीपासून अडून बसलीयेस."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय? जा. इथलं मी सांभाळतो."

"वेळ लागेल हो."

"लागू दे. तू निवांत जा. मी आहे इथेच."

"तुम्हाला करमेल?"

"न करमायला काय झालं?" हे म्हणाले. "सँडविच आहे की."

आणि हसले. मीही हसले. हा माणूस एवढ्या मोठ्या गोष्टीवर विनोद करतोय, या विचाराने मला भरून आलं. डोळ्यांत पाणी आलं ते उन्हावर ढकललं. भिंतीच्या पलीकडे, कोपऱ्यावर, फोनला जरा बरी रेंज होती. तिथे उभं राहून कात्रीबाईंना फोन लावला आणि म्हटलं, "हो. मी येते."

"छान," त्या म्हणाल्या. पाठीमागे कात्री चालल्याचा आवाज. "मला वाटलं होतं तुम्ही घरच्यांचं कारण सांगाल."

"नाही," मी म्हटलं. मानेने, आवाजाने, सगळ्या अंगाने ताठ होऊन. "घरच्यांनी जा म्हटलंय."

परत आले. यांनी अर्धं सँडविच माझ्यासाठी कागदात गुंडाळून ठेवलं होतं.

"झालं?" यांनी विचारलं.

"झालं."

"बरं वाटलं?"

"हलकं वाटलं."

"वाटणारच," हे म्हणाले.

*

त्या महालात आत काय होतं ते मला विचारू नका. मी तरंगत होते. दोन पहारेकरी माझ्यावर ओरडले म्हणे.

*

डोंगर. बेतातलं शेवटचं. पायवाट जंगलातून सुरू होते, मग दगडांच्या पायऱ्या, मग उघडी धार, आणि वर एक निवारा. तिथून खालची दरी, नदी, सगळं दिसतं, असं तळाच्या पाटीवर चित्रासह लिहिलेलं. वर धुकं होतं. चढून येणारी माणसं धुक्यातून अचानक उगवत, "नमस्कार" म्हणत आणि धुक्यात जात.

मी पुढे होते. हे मागून बॅग घेऊन. माझे पाय आपोआप पडत होते. डोक्यात कपडेपट. तिथल्या खिडक्या कुठल्या दिशेला असतील, शिवणाऱ्या मुली किती तिखट असतील, खोली भाड्याने घ्यायची तर थिएटरच्या जवळ की लांब.

मागून हे धापा टाकत म्हणाले, "मी एक ठरवलंय."

मी थबकलेच. ठरवलंय हा शब्द या तोंडातून!

"थंडी पडायच्या आत तुझं मशीन खाली आणू. दुकानाच्या मागच्या खोलीत. तो जिना आता तुझ्या गुडघ्यांना नको. भिंतीत एक खिडकी पाडून घेऊ, उजेड डावीकडून येईल असा. मोजमाप घेतलंय मी."

"कोणाचं मशीन?"

"कोणाचं काय? तुझं."

"आणि थंडीत मी कुठे असणार?"

"कुठे म्हणजे? मशीनवर."

एक बाई आणि दोन पोरं धुक्यातून आली, "नमस्कार" म्हणाली, गेली. ती जाईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "थंडीत मी कपडेपटात असणार. मी हो कळवलंय. परवा. तुम्ही जा म्हटलंत म्हणून."

"मी कधी म्हटलं?"

"महालाच्या अंगणात. भिंतीपाशी. मी समोर उभी राहून विचारलं, मी जाऊ का? तुम्ही म्हणालात, जा ना, इथलं मी सांभाळतो, तू निवांत जा."

यांनी बॅग खाली ठेवली. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग एकेक करून सगळं आलं.

*

म्हणजे आता ते अंगण परत दाखवायला हवं. दुसरी काच.

बाई सकाळपासून पाणी पितेय. बसमध्ये दोनदा म्हणालीय, इथे बाथरूम कुठे आहे कुणास ठाऊक. भोंग्यातून कुणीतरी ओरडतंय, त्यात तिचं अर्धं वाक्य बुडतं; 'मेसेज' नाही, फक्त 'आत्ताच हवंय' ऐकू येतं. ती अस्वस्थ होऊन उठते. नवऱ्यासमोर उभी राहते. तिच्या बरोब्बर मागे, भिंतीवर, बाणासकट पाटी: स्त्रियांसाठी. ती विचारते, मी जाऊ का? नवऱ्याला वाटतं, बॅगेपाशी कुणीतरी थांबायला हवं म्हणून विचारतेय बिचारी. जा ना, तो म्हणतो. कधीपासून अडून बसलीयेस.

आणि ती पाटीच्या दिशेनेच जाते.

*

"मी तुला बाथरूमला जा म्हणालो!" हे ओरडले.

धुक्यातून एक तरुण जोडपं उगवलं. मुलगी माझ्याकडे बघून काळजीने म्हणाली, "ताई, बाथरूम वर निवाऱ्यापाशी आहे. आता थोडंच राहिलंय हं." आणि यांच्याकडे रागाने बघून गेली.

मला हसू फुटलं असतं. फुटलं नाही. आतून काहीतरी उकळत वर आलं.

"वेळ लागेल म्हटलं तर म्हणालात लागू दे!"

"लागतो ना! बायकांची रांग असते!"

"करमेल का विचारलं!"

"मला वाटलं, थट्टा करतेयस!"

"आणि मी म्हटलं, हलकं वाटलं!"

"अगं, मग वाटणारच की!"

आम्ही दोघं डोंगराच्या मधोमध, आडवे, पायवाट अडवून उभे. मागे दोन माणसं ताटकळली होती. त्यातला एक भीत भीत म्हणाला, "पुढे चलता का जरा?"

आम्ही पुढे चाललो. मी रागाने भरभर. हे मागून.

"फोन कर त्यांना," मागून आवाज. "सांग, गैरसमज झाला."

"काय सांगू? माझ्या नवऱ्याने मला बाथरूमला जा म्हटलं होतं, कपडेपटाला नाही?"

"तसं नको. जरा नीट शब्दांत."

"नीट शब्द तुमच्याकडे असतील तर आधी मला द्या! मला एक नाही मिळाला. सगळा उन्हाळा एक शब्द मागतेय मी. महालात मागितला, म्युझियममध्ये मागितला. बंद, बंद, दुरुस्ती चालू! जाळी लावलेला माणूस आहात तुम्ही. बाहेर फोटो, आत काय ते देवाला ठाऊक!"

मागून नुसती बॅगेच्या पट्ट्याची करकर.

खरं सांगायचं तर राग चुकीचा नव्हता, पण सगळा त्यांच्यावर नव्हता. अंगणात मला मिळालेलं ते 'जा ना', ते मी दोन दिवस उराशी धरून हिंडत होते. ते खोटं निघालं म्हणून हे तिरमिरणं. नोकरीचं 'हो' खरं होतं, त्याच्या खालचं अस्तर तेवढं गेलं.

*

निवारा. चार खांब, छप्पर, एक बाक. कठड्याशी एक मोठी दुर्बीण, दरी बघायची. यांनी सवयीने आधी तिची काच रुमालाने पुसली, मग डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"पांढरं."

"बसा," मी म्हटलं.

"कुठे?"

"बाकावर. पाठ सरळ. माझ्याकडे बघा."

हे बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, केस घामाने चिकटलेले. दुकानातल्या खुर्चीत गिऱ्हाईक बसतं तसे बसले, जरा अवघडून, हात गुडघ्यांवर. मी समोर उभी राहिले. यावेळी मागे कुठलीही पाटी नाही ना, ते वळून बघून घेतलं.

"पहिलं," मी म्हटलं. "मी जाते. तुम्ही दुकानात, मी तिथे. जिना तुमचा एकट्याचा." जरा थांबले. "दुसरं. मी राहते. मशीन खाली येतं, भिंतीला खिडकी पडते, डावीकडून उजेड. पहिलं की दुसरं?"

हे माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलायला लागले, आणि तिथे कुठला शब्द तयार होतोय ते मला दिसलं.

"बघू म्हणालात तर ही दुर्बीण मी दरीत फेकेन."

"ती बोल्टने बसवलीय."

"मग तुम्हाला फेकेन."

हे हसले नाहीत. घसा खाकरला. "परत दाखव," म्हणाले.

मी परत दाखवलं. पहिलं. दुसरं. घाई केली नाही. निवाऱ्यात काही माणसं आली, बाकावर टेकायला जागा नाही हे बघून उभ्यानेच पाणी प्यायली, निघून गेली. त्यातल्या एकानेही पुढे चला म्हटलं नाही.

"दुसरं," हे म्हणाले.

"बहुतेक?"

"बहुतेक नाही. दुसरं. तू राहावंस." आणि मग, एकदा तोंड उघडलं म्हणून की काय, थांबेनात. "वरून मशीनचा आवाज नसला की मला नंबर काढता येत नाही. मागे तू लेकीकडे गेली होतीस तेव्हा तीन चष्मे परत आले. हे तुला सांगून काय उपयोग? सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. मग रोज वर मशीन चालू झालं की मला वाटलं असतं, ही माझ्यामुळे इथे शिवतेय. आणि जा म्हणायचं तर ते खोटं झालं असतं. गिऱ्हाईक खोटं बोललं की चष्मा चुकतो. म्हणून मी..."

"बघू."

"हो."

मी त्यांच्या शेजारी बसले. थकायला झालं होतं, पायांनी आणि मनानेही. ते म्हणाले तसं झालं असतं का? मी थांबले असते? लेकीला विचारलं तर ती म्हणेल, मुळीच नाही. मला माहीत नाही. सुट्टीच्या आधी, स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी हे असंच सांगितलं असतं, तर कदाचित मी कात्रीबाईंना घरच्यांचं कारण सांगितलंही असतं. आता नाही सांगणार. महाल बघून झाला होता, म्युझियमची पायरी बघून झाली होती, आणि 'हो' मी आधीच, माझ्या तोंडाने, एका भिंतीआड म्हणून मोकळी झाले होते. ते त्यांच्या 'जा'वर उभं आहे असं मला वाटलं होतं. पायाखालचं 'जा' काढून घेतलं, तरी ते उभंच होतं.

"मी जातेय," मी म्हटलं.

"कळलं."

"तुम्ही दुसरं म्हणालात तरी."

"म्हणूनच म्हणालो ना आत्ता," हे जरा चिडून म्हणाले. "आता काही बिघडत नाही म्हणून."

"बिघडतं. मला राग आलाय."

"मलाही आलाय. त्या भोंगेवाल्याचा."

*

उतरायला लागलो. धुकं गेलं नाही. पाटीवरच्या चित्रातली नदी शेवटपर्यंत पाटीवरच राहिली. एका ओल्या पायरीवर माझा पाय सटकला तर यांनी मागून दंड धरला, आणि पायरी संपल्यावरही सोडला नाही. मग सोडला. बॅग माझ्याकडे द्यायची पाळी होती, पण तीही दिली नाही. मी मागितली नाही. भांडण अजून पुरतं मिटलं नव्हतं आणि बॅग त्या भांडणातच मोडत होती.

खाली बस थांब्यावर गर्दी. डोंगरावरचं ते तरुण जोडपंही होतं. मुलीने मला विचारलं, "सापडलं ना?" मी म्हटलं, "हो, सापडलं." ती समाधानाने वळली.

हे वेळापत्रकाच्या फलकासमोर, चष्मा कपाळावर चढवून, बारीक अक्षरं वाचत होते. वाचता वाचता, माझ्याकडे न बघता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग सुट्टीला वगैरे येशील ना? साधारण कधी?"

मी बसच्या दिशेने मान लांब केली. रस्त्याच्या वळणावर काही दिसत नव्हतं.

"बघू," मी म्हटलं.

यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि गर्रकन वळले.

"बघू? बघू म्हणजे काय? अगं, काहीतरी एक धड सांगशील की नाही?"

थांब्यावरची सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली.